माझ्या गप्प बसण्याची भीती

मित्रांनो, मी एक जुना नर्व्ह मॉनिटर आहे. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात, एका ट्रॉलीवर माझा मुक्काम असतो. आपल्या गळ्यात थायरॉइड ग्रंथीला चिकटून, दोन्ही बाजूंना एकेक, दोऱ्याएवढी बारीक नस जाते. माणसाचा आवाज तिच्या जिवावर चालतो. कर्करोगाची गाठ काढताना ती दुखावली तर आवाज बसतो, आणि दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासच कोंडतो. म्हणून डॉक्टर माझी काडी आत टेकवतात. खाली नस असेल तर तिचा इशारा भूल देताना घशात घातलेल्या श्वासाच्या नळीवरून माझ्यापर्यंत येतो आणि मी ओरडतो. काम एवढंच, पण त्याची मला आजही धास्ती वाटते.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! मग माझ्या ओरडण्याचा सगळ्यांना कंटाळा आला. येईल तो माझा आवाज बारीक करायचा. मी गप्प असलो की "गुणी पोर" म्हणून पाठ थोपटायचे. माझं गप्प बसणं हा गुण नव्हे, हे कुणाच्या गावी नव्हतं.

दिवाळीनंतर मुरगूडच्या झुंबरबाई आल्या. पाडव्याला म्हशी पळवतात, तेव्हा त्यांची म्हैस त्यांच्या एका हाकेवर गर्दीतून वाट काढत येते. ती हाक ऐकल्याशिवाय पान्हासुद्धा सोडत नाही. टेबलावर झोपताना त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉ. अनुजांचा हात घट्ट धरला.

"बाई, गाठ काढा, पर माझी हाक ऱ्हाऊ द्या. म्हस दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाय."

भूल दिली. मान मागे झुकावी म्हणून खांद्यांखाली उशी सरकवली, आणि त्या हिसक्यात नळी जागची हलली. मला ऐकू येईना. हे सांगणार कसं? गाठीकडे जाण्याआधी अनुजांनी, जिथे मी ओरडायलाच हवं, अशा मोठ्या नसेवर काडी टेकवली. मी गप्प.

भूलतज्ज्ञ प्रसेनजीत हसून म्हणाले, "आज लई गुणी हाय की."

"नसेवर टेकवूनही गप्प आहे," असं म्हणत अनुजांनी हत्यार खाली ठेवलं. "मला भीती वाटतेय. नळी बघा."

प्रसेनजीतांचं हसू मावळलं. त्यांनी नळी जागेवर आणली, माझा आवाजही मोठा केला. पुन्हा काडी टेकली आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पुढे गाठीचाच धागा वाटावा अशा ठिकाणी पुन्हा ओरडलो. ती नसच होती, गाठीत गुरफटलेली. अनुजांनी ती हळूहळू सोडवली, पण शेवटी माझा आवाज क्षीण झाला. नस तुटली नव्हती, दुखावली होती. दुसऱ्या बाजूला त्यांनी हातच लावला नाही. ती पुढच्या खेपेला करू, म्हणाल्या.

शुद्धीवर आल्यावर झुंबरबाईंच्या तोंडून नुसती कुजबुज निघाली. त्या रडल्या. मी काय करणार, ट्रॉलीवर उभा राहिलो.

आज त्या परत आल्यात. आवाजही परत आला आहे, दाराबाहेरूनच ऐकू आला. माझ्या ओरडण्याचं त्यांना अनुजांनी सांगितलं होतं; टेबलावर झोपताना त्यांनी मला थोपटलं.

"बाबा, ह्या खेपंलाबी वरड. गप बसू नगंस."

मित्रांनो, माझ्या वायरी आता झिजल्या आहेत. माझ्यावर विसंबण्याआधी मला बोलतं करून बघत जा. मी ओरडलो तर हात थांबवा, आणि गप्प बसलो तर आधी मला तपासा. खांद्यांखाली उशी सरकवून झाली आहे. काडी खाली येते आहे, आणि मला फार भीती वाटते.