वाऱ्याचा खर्च

हंबीरराव सुभेदारांना तीनशे कदमांवरचं निशाण अचूक टिपता येई, पण बेरीज करताना हातचा एक हटकून हरवत असे. म्हणून हिशेबाचं काम चंद्राबाईंकडे आलं. त्या माहेरी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. चैत्रातली सकाळ होती, लढाई संपून वर्ष होत आलं होतं, आणि सोप्यात वही उघडून त्या अशा एका वस्तूचा खर्च मांडत होत्या, जी त्यांनीच काय, कृष्णाकाठच्या त्या गावात कुणीच कधी पाहिली नव्हती.

"वर नाव काय घालू?" त्यांनी विचारलं.

"बार. सायबांच्या मेसमधी असतोय तसा. मित्र जमायची, बसायची, घोट घोट प्यायची जागा. परड्यातल्या पेवात करायचा."

पेव म्हणजे धान्य किंवा हळद साठवायला जमिनीत खोदलेली कोठी. तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा उतरेल इतकं, आणि पोट मात्र भलं मोठं. सुभेदारांच्या परड्यातलं पेव तीन पुरुष खोल होतं, तीन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं. गेली अकरा वर्षं ते रिकामंच, तोंडावर शिळा ठेवून बंद होतं.

"लिही. पायऱ्या, खोदाई आन दगड धरून, दोनशे धा. चुना-विटा एकशे चाळीस. शहाबादी फरशी नव्वद. सागवानी फळीचं टेबल, छातीइतकं उंच, एकशे ईस. आरसा पासष्ट."

"दारू प्यायला आरसा कशाला?"

"बाटल्यांच्या मागं लावायचा. धा असल्या की ईस दिसत्यात."

"मग पाचच आणा. धा दिसतील."

सुभेदार हसले नाहीत. वेताच्या खुर्च्या चाळीस, पेले बारा, गॅसबत्ती पंचावन्न. चंद्राबाईंनी दोनदा बेरीज केली. सातशे बत्तीस. पलटणीतून सुटताना हाती आलेले साडेसातशे त्यांनीच पेटीत ठेवले होते. उरत होते अठरा.

"आवं, वरच्या खोलीतच करा की. पायऱ्या नकोत, चुना नको. साडेतीनशे वाचतील बघा."

"न्हाई. जमिनीखालीच पायजे."

"पण का?"

सुभेदारांनी एक नाव घेतलं, आणि चंद्राबाईंनी लेखणी खाली ठेवली. ते नाव होतं धुळाचं.

धुळा जतकडचा, धनगराचा पोर. सुभेदारांच्या हाताखाली इटलीत लढला आणि तिथंच गेला. एवढं चंद्राबाईंना ठाऊक होतं, कारण त्याची आई साळूबाई दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन त्यांच्याच रानात उतरत असे. मेंढरं रानात बसली की जमिनीला खत मिळे, आणि मेंढरांना कृष्णेचं पाणी. आताही तिचं वाडगं, म्हणजे मेंढरांचा तळ, रानातच होतं. साळूबाई चंद्राबाईंशी बोले, ताक मागून नेई. पण सुभेदार समोर आले की मान फिरवी.

"तिथं एका शेतकऱ्याच्या घराखाली तळघर हुतं," सुभेदार सांगू लागले. "बैलगाडीएवढाली पिपं. द्राक्षाचा रस आंबायला घातलेला. पयल्या दिशी वरच्या पायरीवर बसून दोघांनी पेलाभर घेतली. धुळा म्हनला, सुभेदार, तुमच्या परड्यात पेव रिकामंच हाय न्हवं? घरी गेल्यावर तितं असलंच करू. दुसऱ्या दिशी मीच त्याला तांब्या देऊन खाली धाडला. लय येळ झाला तरी यीना. जाऊन बघतोय तर तळाला पडलेला. अंगावर वरखडा न्हाई. पाय धरून वर ओढला तवा मलाबी गरगरलं. समदे म्हनले, पिऊन मेला. तसंच त्याच्या गावाकडं कळलं. मी काय बोलनार? धाडला तर मीच हुता."

मग ते म्हणाले, "त्याचा तेवढा एक शब्द माझ्याजवळ ऱ्हायलाय."

चंद्राबाईंनी पायऱ्यांचा आकडा खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पेव उघडायला हरिपुराहून कोंडीबा आला. सत्तरीचा म्हातारा, जन्म सगळा हळदीच्या पेवांवर गेलेला; हातापायांच्या रेषांत पिवळेपणा मुरलेला. चार गड्यांनी पहारी लावून शिळा सरकवली. आतून जुन्या पेंढ्याचा, ओलसर मातीचा वास वर आला. सुभेदारांनी दोर कमरेला बांधला आणि तोंडाशी बसून पाय आत सोडले.

"थांबा, सुभेदार," कोंडीबा म्हणाला. "पाय वर घ्या."

"कोंडीबा, मी तोफांच्या तोंडी जाऊन आलोय."

"तोफ दिसती तरी. वर या म्हंतो न्हवं."

सुभेदार वर आले. कोंडीबानं कंदील पेटवला, काच नीट बसवली, वात चांगली मोठी केली आणि दोरीनं तो हळूहळू आत सोडला. सगळे वाकून पाहू लागले. पेवाच्या भिंती उजळत गेल्या. कुदळीचे जुने घाव दिसले. कंदील हातभर गेला, दोन हात गेला, पुरुषभर गेला. मग ज्योत बारीक झाली. फडफडली नाही, धूर सोडला नाही. भर दुपारी काचेच्या आत, वाऱ्याची झुळूक नसताना, कुणीतरी दोन बोटांत धरावी तशी ती विझली.

कोंडीबानं कंदील वर ओढून पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच जागी, त्याच खोलीवर ज्योत विझली. जणू तिथं काळ्या पाण्याची पातळी होती आणि ते पाणी डोळ्यांना दिसत नव्हतं. अकरा वर्षं चंद्राबाई याच शिळेवर बसून शेंगा फोडत आल्या होत्या.

"दिवा आन माणूस एकच वारा पित्यात," कोंडीबा लेकराला सांगावं तसं म्हणाला. "दिवा जितं जगत न्हाई, तितं माणूसबी जगत न्हाई. खाली पेंढा कुजलाय. कुजलेलं वारा बिघडवतंय. त्यो बिघडलेला वारा जड, म्हणून खालीच बसतोय. न वास, न रंग. माणूस उतरतंय, गुडघ्यात वाकतंय, आन झोपतंय."

सुभेदारांनी कोंडीबाचा हात धरला. "आन रस आंबत असला तर? पिपंच्या पिपं?"

"मग तर इचारूच नका. आंबण्यातनं तसलाच वारा सुटतोय."

सुभेदारांनी कमरेचा दोर सोडला आणि अनवाणीच रानाकडे चालू लागले. परतले तेव्हा त्यांच्यामागून साळूबाई येत होती. हातात काठी, कपाळावर आठ्या.

"दाव, काय दावतोस त्ये," ती म्हणाली. दीड वर्षात सुभेदारांशी ती प्रथमच बोलत होती.

कोंडीबानं दाखवलं. ज्योत विझली. साळूबाईनं दोरी त्याच्या हातातून घेतली. कंदील स्वतः पेटवला, स्वतः सोडला. तो विझला. तिनं पुन्हा पेटवला. तोही विझला. मेंढरं मोजावीत तशी ती ज्योतीचं मरण मोजत होती.

"मेंढरूबी जातंय ह्यात?"

"मेंढरू, माणूस, राजा. वारा कुणाला जात इचारत न्हाई, बाई."

साळूबाई सुभेदारांकडे वळली. "तुमी त्याला वर वडलासा तवा तांब्या कुटं हुता?"

"त्याच्या हातात."

"भरलेला का रिता?"

सुभेदारांनी डोळे मिटले. त्या पायऱ्या, ती पिपं, ते पालथं पडलेलं अंग, आणि घट्ट मिटलेल्या बोटांतला तांब्या. त्यांनी तो बोटं उकलून काढला होता, वर आणून ठेवला होता. तो दीड वर्ष त्यांच्या डोळ्यांपुढे होता, पण त्याच्या आत काय होतं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"कोरडा," ते म्हणाले. "आई, कोरडा हुता. थेंबबी न्हवता."

साळूबाई खाली बसली. पदरानं कंदिलाची काच पुसत राहिली. "पिपापत्तुर पोचलाबी न्हाई माझा ल्योक," एवढंच म्हणाली. मग तिनं विचारलं, "हितं काय बांधतायसा?"

सुभेदारांनी सांगितलं. धुळाचा शब्दही सांगितला.

"मग बांधा. पर आदी वारा आना."

त्या दिवशी वही पुन्हा उघडली. कोंडीबा म्हणाला, कुजका पेंढा लोखंडी आकड्यानं वर ओढून काढायचा. पायऱ्यांसमोरच्या अंगाला तळापर्यंत दुसरं तोंड पाडायचं, त्यावर उंच धुराडं बांधायचं आणि त्यात शेगडी पेटती ठेवायची. ऊन झालेला वारा वर चढेल, खालचा जड वारा ओढत नेईल, आणि पायऱ्यांवरून नवा वारा आत येईल. दोनशे तीस रुपये.

चंद्राबाईंनी आरसा खोडला. खुर्च्या खोडल्या. सागवानी टेबल खोडताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "जुन्या गाडीची फळी हाय की," ते म्हणाले. मग सगळ्यांत वर, नावाच्याही वर, चंद्राबाईंनी लिहिलं: वारा, दोनशे तीस. लिहिताना त्यांना वाटलं, जन्मभर आपण हे फुकट घेत आलो. बेरीज सातशे सदतीस झाली. तेरा उरले.

वैशाख संपता संपता काम झालं. धनगरांची वाडगी उठायची वेळ झाली होती. कोंडीबानं शेगडी तीन दिवस धगधगती ठेवली होती. चौथ्या दिवशी पायऱ्यांवरून कंदील घेऊन साळूबाई पुढे झाली. सुभेदारांनी हात आडवा केला. तिनं तो बाजूला सारला आणि कंदील काठीला बांधून आपल्यापुढे, पावलांच्याही खाली धरला. एक पायरी. दुसरी. पुरुषभर खोलीवर, जिथं ज्योत दर वेळी मेली होती, तिथं तिनं काठी स्थिर धरली. ज्योत किंचित वाकली, धुराड्याच्या दिशेनं, आणि पुन्हा सरळ झाली.

साळूबाई तळाला पोचली; तिच्यामागून सुभेदार आणि चंद्राबाईही उतरले. कंदील गाडीच्या फळीवर ठेवून ती फरशीवर टेकली. वर उन्हाचा वणवा होता. इथं माठासारखा गारवा. भिंतीवरचा चुना चांदण्यासारखा उजळला होता.

"हितं बसून काय पिनार रं तुमी?" तिनं विचारलं.

"रम," सुभेदार ओशाळून म्हणाले. "पलटणीचं तिघं यायचं हायती."

"मला ताक आन म्हनावं सूनबाईला. लोटाभर."

चंद्राबाई हसून पायऱ्या चढू लागल्या. मध्यावर त्या थांबल्या, वाकून त्यांनी हात हवेत धरला. बोटांमधून काहीतरी गार, हलकं, खाली उतरत होतं. खाली ज्योत जळत होती, आणि म्हातारी तिच्याकडे एकटक बघत होती.