भास्करची रजा

आमच्या घरी गेलं वर्षभर एका माणसाच्या रजेवरून वाद चालला होता. माणूस खरा नव्हता. रजा मात्र खरी होती, आणि ती मिळाली नव्हती.

सांगते. गिरणी संपात गेली त्यानंतरच्या दिवसांत टीव्हीवर ‘ध्रुवयान’ नावाची मालिका लागायची. अंतराळातली. आमचे हे, गुणाजी, त्यात यानाचे यंत्रप्रमुख भास्कर होते. कामगार नाटकांत कामं करायची सवय होती, आणि त्या लोकांना पाना नीट धरता येईल असा उंच माणूस हवा होता. यानाचं दार म्हणजे एक जुनं लोखंडी कपाट होतं. ते अडकायचं, म्हणून हे गुडघा मारून उघडायचे. लोकांना वाटायचं, भास्करची स्टाइल आहे.

आता त्या मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारी नवी मालिका निघाली, ‘ध्रुवयान: आरंभ’. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ती झाडून सगळ्यांनी पाहिली, कारण खालच्या मजल्यावरची मानसी तिच्या लेखकांपैकी एक. अंधेरीच्या ऑफिसात चारपाच जण मिळून लिहितात, त्यात ही सगळ्यांत धाकटी.

चित्रं झकास होती. शनी असा दिसायचा की हात लावावासा वाटे. पण गोष्टी कसल्या निवडल्या होत्या! कप्तानाच्या जाकिटाची बाही फाटली कशी, यावर एक अख्खा भाग. (खिळ्याला अडकून फाटली. मीच टाका घातला होता.) दार गुडघ्याने का उघडावं लागतं, यावर दुसरा भाग, त्यात उल्कापात आणि तीन माणसं मेली. कपाटासाठी तीन माणसं! आणि डॉक्टर आणि रेडिओवाली बाई एकमेकांशी का बोलत नव्हते, ज्यावर आमच्या वेळी बायका नळावर भांडायच्या, त्याबद्दल चकार शब्द नाही.

हे मात्र एकाच गोष्टीसाठी बसत होते. भास्करने रजा का मागितली?

जुन्या मालिकेत तो प्रसंग होता. भास्कर कप्तानाकडे जातो आणि म्हणतो, “पाच दिवस रजा पाहिजे, साहेब. घरचं काम आहे.” कप्तान म्हणतो, “अंतराळात दिवस नसतात, भास्कर. पाच कसे मोजणार?” भास्कर मान खाली घालून इंजिनाकडे परत जातो. बस. घरचं काम कसलं, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. आमचे शेजारी धम्मपाल तेव्हापासून बागेतल्या बाकावरून यांना विचारत आले आहेत, “काय रे भास्कर, झाली का रजा मंजूर?”

नव्या मालिकेच्या शेवटच्या भागातही रजेचं नाव निघालं नाही. यांनी काही बोलून दाखवलं नाही. फक्त दोन दिवस भाजीला नावं ठेवली नाहीत, त्यावरून मी समजले.

त्या रविवारी मानसी वर आली.

“आजोबा, आवडली का?”

“शनी चांगला होता,” हे म्हणाले.

“आणि आम्ही?”

“तुम्ही काय, तुम्ही जाकीट चांगलं शिवलंत.”

मानसी हसली. राग आला नाही पोरीला. म्हणाली, “दुसऱ्या सीझनमध्ये भास्करवर आहे ना फोकस. रजा का मागितली ते येणार आहे.”

हे खुर्चीत पुढे सरकले. मी गॅस बारीक केला.

“सीनियर लोकांनी असं ठरवलंय,” ती जरा दबून म्हणाली, “की भास्कर शत्रूचा हेर असतो. इंजिनाचे नकाशे पोचवायला त्याला रजा हवी असते. ट्विस्ट आहे.”

रागावले की यांची मालवणी बाहेर येते. “आमचो भास्कर हेर? कित्याक? त्येका खावक कमी होता काय?”

“आजोबा, माझ्या हातात नाही ना ते. बुधवारी फायनल होणार. माझ्याकडे दुसरं काहीतरी पाहिजे, नाहीतर मी काय बोलणार तिथे?”

“अगो, घरचा काम म्हणजे घरचा काम. दुसरा काय असतला?”

“पण कुठलं?”

चाळीस वर्षं जगाने विचारलं आणि यांनी “लेखकाला ठाऊक” म्हणून उडवून लावलं होतं. मीच बोलले.

“गणपतीचं. आमच्या घरी पाच दिवसांचा असतो, कुडाळजवळ. यांनी खरोखरची रजा मागितली होती, दिग्दर्शकाकडे. स्टुडिओ तेवढ्याच दिवसांत मिळत होता, म्हणून त्याने नाही म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग लिहून यांच्या हातात ठेवला. यांना काही अभिनय करावाच लागला नाही.”

“एका टेकमध्ये झाला,” हे म्हणाले. तेवढा अभिमान शिल्लक होता.

मानसीने चहा खाली ठेवला. “म्हणजे सगळे चाकरमानी गावाला, आणि आजोबा शनीवर?”

“शनीवर कसले, गोरेगावात,” मी म्हटलं.

“आणि मग त्या वर्षी गणपती कोणी आणला?”

गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, मूर्ती डोक्यावरून घरी आणायचा मान यांचा. धाकटे दीर तेव्हा मस्कतला होते.

“वाडीतल्या कुणीतरी आणला असेल,” हे म्हणाले.

“मी आणला,” मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं.

“वाडीतला जो तो आपल्या घरच्या गणपतीच्या मागे. चुंबळ घेतली, वर पाट, पाटावर गणपती, आणि निघाले शेताच्या बांधावरून. सासूबाई पुढे छत्री घेऊन. दर दहा पावलांवर मागे वळून बघायच्या, गणपतीकडे. माझ्याकडे नाही.”

“बोलली नाहीस कधी,” हे म्हणाले.

“तुम्ही गावाकडचं काही विचारलंच नाहीत त्या वर्षी. तोंड एवढं करून बसला होतात.”

मानसी कधी उठून गेली ते आम्हाला कळलंही नाही. चहा तसाच होता.

बुधवारी ती अंधेरीला काय बोलली, कशी भांडली, मला माहीत नाही. संध्याकाळी जिन्यातूनच ओरडली, “आजी, हेर गेला!”

दुसरा सीझन परवा आला. त्यात तरुण भास्कर रजा घेऊन घरी जातो, तांबड्या मातीच्या कुठल्याशा ग्रहावर. डोक्यावर झाकलेलं काहीतरी घेऊन बांधावरून चालतो. देव म्हणत नाहीत, नुसतं ‘घरचं काम’ म्हणतात. निघताना बायकोला विचारतो, “पुढच्या वेळी रजा नाही मिळाली तर?” ती म्हणते, “मग मी आणीन.”

पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं. तिला नसतं. मी चष्मा पुसला.

“तू असं म्हणाली होतीस?” यांनी विचारलं.

“नाही हो. मला कुठे माहीत होतं तुम्ही अंतराळात जाणार ते.”

खिडकीखालून धम्मपालांचा आवाज आला, “भास्कर, झाली रे मंजूर!” हे हात हलवून आले आणि पुन्हा तोच प्रसंग लावून बसले.

“त्या पोराच्या डोक्यावर रिकामा खोका आहे,” मी म्हटलं. “मानेवरून कळतं.”

हे बराच वेळ त्याच्या मानेकडे बघत राहिले.

“जड होता काय गो?”

“आत्ता विचारताय? अजून मान दुखते.”

हे रिमोट ठेवून खोबरेल तेलाची बाटली शोधायला उठले. ती कुठे असते, हे त्यांना अजून ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. शोधू दे म्हटलं.