वीस वर्षांची बारा

बँकेतल्या मुलीनं कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "इथं सही करा, म्मा." म्मा म्हणजे आमच्याकडं बाई.

मी पेन उचललं नाही. कागदाच्या तळाशी एक आकडा होता. त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"वीस वर्षांत तुम्ही एकूण भराल ती रक्कम."

घर सहा लाख वीस हजार रँडचं. तळाशी तेरा लाख सत्याऐंशी हजार.

"एवढ्यात दोन घरं येतात की," मी म्हटलं. "दुसरं कुठल्या गल्लीत आहे?"

मोडिसे, माझा नवरा, आपले बूट न्याहाळायला लागला. ती मुलगी मात्र हसली. आवाज खाली आणून म्हणाली, "हप्त्यापेक्षा जास्त भरत जा. व्याजही वाचेल, वर्षंही कमी होतील. कुणी करत नाही, पण करता येतं."

"अकरा वर्षांत संपेल?"

"कंबर कसलीत तर."

मी सही केली.

माझं नाव मोसेत्सानागापे. आमच्या त्स्वाना भाषेत त्याचा अर्थ 'पुन्हा मुलगीच'. मी चौथी. सगळे मला गापे म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीत मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शेजारी बसलेला माणूस घाबरला की आपण घाबरायचं नाही, हे त्या धंद्यातलं मुख्य काम. बाकी क्लच आणि ब्रेक कुणीही शिकवतं.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी चर्चहून आलो की मी गरम गरम मगविन्या, म्हणजे मैद्याचे फुगलेले गोळे, तळायची, मोडिसे चहा करायचा आणि आम्ही वर्षाचा आकडा ठरवायचो. हप्त्यापेक्षा जास्त किती भरायचे तो आकडा. मोडिसे रेल्वेच्या डब्यांच्या वर्कशॉपात वेल्डर. माणूस भला, पण आकड्याला भिणारा.

"बघू, जमेल तसं भरू," तो म्हणायचा.

"जमेल तसं म्हणजे कधीच नाही. आकडा सांग."

"पाच हजार."

"दहा."

पहिल्या वर्षी आठावर तुटलं. ठरलेला आकडा मी कपाटाच्या दाराला आतून मार्करनं लिहून टाकला. त्याची पगारवाढ तिकडं, माझे शनिवारचे जादा तास तिकडं, डिसेंबरच्या बोनसातला अर्धा तिकडं. पहिल्या दोन वर्षांचे आकडे गाठले. तिसऱ्या वर्षी छतातली गरम पाण्याची टाकी फुटली आणि बाराऐवजी सातच हजार गेले.

"राहिलेले पाच पुढच्या वर्षात घालू," मोडिसे म्हणाला.

"अजिबात नाही. गेल्या वर्षाचं ओझं या वर्षाच्या डोक्यावर नको. नवा आकडा नव्यानं."

पाचव्या वर्षी बावीस हजार ठरले होते, ते नोव्हेंबरातच पुरे झाले. तेव्हा मी आठवडाभर रस्त्यानं अशी चालत होते, की शेजारीण म्हणाली, "लॉटरी लागली काय गं?"

सहाव्या वर्षी मी तीस हजार म्हटलं. मोडिसेच्या हातातली मगविनी तशीच राहिली. पण नाही म्हणाला नाही.

आता बँकेची एक सोय होती. जादा भरलेले पैसे अडीअडचणीला परत काढता यायचे. ती सोय बँकेनं आम्हाला सांगितली होती, आणि मोडिसेनं केव्हातरी आपल्या माणसांना. ईस्टरला टाउंगहून, त्यांच्या गावाहून, त्याची आत्या आली. आमच्यात बापाची बहीण म्हणजे शेवटचा शब्द. ती बसली, चहा घेतला, दुसरा मागितला, आणि म्हणाली, "सूनबाई, पुलेची नोकरी गेली."

पुले माझा धाकटा दीर.

"कळलं, आत्या. वाईट झालं."

"टाउंगच्या रस्त्यावरची एक टॅक्सी विकायला निघालीय. पंधरा सीटांची. म्हातारा धंदा सोडतोय. पुलेकडं चाळीस हजार आहेत. आणि तुमचे पैसे तिकडं बँकेत घोरत पडलेत."

"घोरत नाहीत, आत्या. बँकेचं व्याज खातायत."

"एवढं फटाफट बोलायला कुणी शिकवलं तुला?"

"चौथी मुलगी मी. आमच्याकडं बोलल्याशिवाय जेवायला वाढत नव्हते."

मोडिसे हसला नाही, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी मी फोनवर कर्ज किती राहिलं ते पाहिलं. कमी होण्याऐवजी ऐंशी हजारांनी वाढलं होतं. मला वाटलं चुकून दुसऱ्याचंच खातं उघडलं. पुन्हा पाहिलं. नाव आमचंच होतं.

मोडिसे अंगणात फाटकाची बिजागरी बसवत होता. मी फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं पाहिलं, आणि हातोडी खाली ठेवली.

"तो माझा भाऊ आहे, गापे."

"ते मला माहीत आहे. मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं. ठाऊक असून केलंस."

पाच वर्षं शनिवारी शेजारच्या पोरींची लग्नं चुकवून मी लोकांना गाडी मागं घ्यायला शिकवलं होतं. ते सगळे शनिवार त्यानं एका सकाळी उचलून दिले. पण रडत बसले असते तर कर्ज वाढलेलंच राहणार होतं. मी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि पुलेकडं गेले.

पुले गाडी धूत होता. मला पाहून बादली हातात धरूनच उभा राहिला.

"वहिनी, मी सांगणारच होतो..."

"कधी? घर विकल्यावर? गाडी दाखव."

मी गाडीभोवती फिरले. इंजिन बरं होतं. टायर पाहून मी नाक मुरडलं.

"चालवतो कोण?"

"एक माणूस ठेवलाय. माझा प्रवासी परवाना अजून आला नाही."

"हे बघ पुले, हे पैसे तुझ्या भावाचे नाहीत. ते घराचे आहेत. दर आठवड्याला बाराशे रँड थेट घराच्या कर्जखात्यात जातील. माझ्या हातात नाही, मोडिसेच्या तर मुळीच नाही. कबूल?"

"कबूल."

घरी येऊन मी मोडिसेला एवढंच म्हटलं, "तीस हजारांचा आकडा पुसणार नाही."

"आता काय अर्थ आहे त्याला? ऐंशी तर गेले."

"ऐंशी पुले देईल. तीस आपले आहेत. ती दोन वेगळी कामं आहेत."

पुलेनं दोन महिने नीट भरले. नंतर एक आठवडा चुकला, मग दोन. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचा ड्रायव्हर आठवड्याची कमाई खिशात घालून बेपत्ता झाला. टॅक्सी अंगणात उभी राहिली. आणि पुढं डिसेंबर, म्हणजे सारं किम्बर्ली गावाकडं निघायचा महिना. टॅक्सीवाल्याचं वर्ष त्या तीन आठवड्यांत असतं.

परवान्याच्या परीक्षा बारा तारखेला बंद होतात. मग आमच्या ड्रायव्हिंग स्कूललाही कुलूप. पूर्वी मी शाळेच्या मुलांची गाडी चालवायची, त्यामुळं प्रवासी परवाना माझ्याकडं होताच. तेरा तारखेला सकाळी मी पुलेच्या दारात उभी राहिले.

"चावी दे."

"वहिनी, स्टँडवर बायका चालवत नाहीत."

"आजपासून चालवतात. तू दार उघडायचं, सामान चढवायचं आणि भाडं गोळा करायचं. तुझ्या वाट्यातून राहिलेले हप्ते भर, माझा वाटा आमच्या तीस हजारांत."

स्टँडवर रांग लावणारा सेबोगोडी नावाचा दांडगा माणूस होता. त्यानं मला स्टिअरिंगवर पाहिलं आणि शिट्टीच तोंडातून काढली.

"म्मा, शिकाऊचा लाल बोर्ड कुठंय?"

आसपासचे ड्रायव्हर खिदळले. एकजण ओरडला, "पुले, बायको मिळाली नाही म्हणून वहिनी आणलीस काय रे?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली. "सेबोगोडी, तुझ्या धाकट्या भावाला परवाना मिळाला ना यंदा? तिसऱ्या खेपेला? त्याला कुणी शिकवलं ते घरी जाऊन विचार."

आता हसणं त्याच्याकडं वळलं. सेबोगोडीनं डोकं खाजवलं आणि मला रांगेत सातवा नंबर दिला.

दिवसाला दोन फेऱ्या. जाताना गाडी ठासून भरलेली, छताला टेकलेल्या गाद्या, मांडीवर केक. येताना अर्धी रिकामी. वीस तारखेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. आत्या तेव्हा आमच्याकडं आली होती, एकवीस तारखेला तिला टाउंगला परत जायचं होतं. ती पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी येऊन बसली. पर्स पोटाशी धरून म्हणाली, "हळू चालव."

"आत्या, मला चालवू द्या, तुम्ही बसा."

वाटेतल्या वॉरेंटन गावाच्या पुढं सरळ रस्ता लागतो. तिथं पुढचा डावा टायर फुटला. आवाज असा झाला की मागं बायका किंचाळल्या. गाडी डावीकडं ओढायला लागली. समोरून खनिजाचा ट्रक येत होता. पुले मागून ओरडला, "ब्रेक! वहिनी, ब्रेक!"

ब्रेक मी मारला नाही. माझ्या प्रत्येक शिकाऊला मी हेच सांगते, की टायर फुटला की पाय ब्रेकवरून काढ. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, गाडी आपोआप मंदावू दिली. ट्रक भोंगा वाजवत बाजूनं गेला. मग आम्ही कडेच्या मुरुमात जाऊन थांबलो. कुणाला खरचटलंही नव्हतं. मागं कुणाच्या तरी मांडीवरचा केक मात्र पुलेच्या शर्टावर आला होता.

गाडी थांबली तरी मी स्टिअरिंग आवळूनच बसले होते. आत्यानं ते पाहिलं. तिनं पर्स बाजूला ठेवली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बराच वेळ सोडले नाहीत.

"मोडिसेला पैसे काढायला मी सांगितलं," ती म्हणाली. "तो तयार नव्हता. मी त्याच्या बापाची शपथ घातली."

"मला वाटलंच होतं, आत्या."

"मग मला बोलली का नाहीस?"

"पैसे तुम्ही काढले नव्हते. त्यानं काढले."

स्टेपनी लावून आम्ही टाउंगला पोचलो. परत आल्याबरोबर मी चारही टायर नवे घेतले. सात हजार गेले. पुले कळवळला, "वहिनी, दोनच बदलू ना. तुमचा आकडा हुकेल."

"हुकू दे. पंधरा माणसं बसतात या गाडीत."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर बातमी आमच्या आधी पोचली होती. बायका रांग सोडून माझ्या गाडीसाठी थांबत होत्या. सेबोगोडी शिट्टी वाजवून दमला. "अगं आयांनो, सगळ्या गाड्या टाउंगलाच जातात!" त्या ढिम्म हलेनात.

एकतीस डिसेंबरला दुपारी मी आणि मोडिसे टेबलाशी बसलो. पुलेचा वाटा, पेट्रोल, टायर, सगळं वजा जाऊन शेवटची रक्कम खात्यात भरली. वर्षाचे झाले एकोणतीस हजार शंभर.

"नऊशेच कमी आहेत," मोडिसे म्हणाला. "किराण्यातून घालू. तीस पुरे होतील."

"नको. जेवढे झाले तेवढे लिहू."

मी कपाट उघडलं आणि तीसच्या पुढं खरा आकडा लिहिला. तो माझ्या मागं उभा होता.

"गापे," तो म्हणाला. "मी तुझ्याशी वाईट वागलो."

"हो."

"पुन्हा नाही करणार."

"नाहीच करणार. सोमवारी बँकेत जाऊ. यापुढं पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या लागतील."

त्याला ते लागलं. पण तो आला, आणि सही करताना पेन त्यानं माझ्या आधी उचललं.

त्या जानेवारीत टेबलाशी चौघं होतो. आत्या टाउंगहून वाळवलेल्या पालेभाजीची पिशवी घेऊन आली होती. पुलेचा परवाना आला होता, पण महिनाभर रोज तासभर माझ्या हाताखाली गाडी चालवल्याशिवाय मी त्याला रस्त्यावर सोडणार नव्हते. आठवड्याला बाराशे त्याचे, पंचवीस हजार आमचे.

"पंचवीसच का?" आत्या म्हणाली. "गेल्या वर्षी तीस होते ना?"

"आत्या, तुम्ही आमच्या बाजूच्या की बँकेच्या?" मोडिसे म्हणाला, आणि त्या घरात कितीतरी महिन्यांनी सगळे एकदम हसले.

पुलेनं ऐंशी हजार दीड वर्षात फेडले. घर अकरा नाही, बारा वर्षांत आमचं झालं. शेवटच्या दिवशी बँकेत एक नवा मुलगा होता. तो म्हणाला, "शंभर रँड बाकी ठेवा. खातं चालू राहील, कधी गरज पडली तर पैसे काढता येतील."

मी मोडिसेकडं पाहिलं. त्यानं एक क्षणही घेतला नाही. "बंद करा," तो म्हणाला. "पूर्ण."

बाहेर आलो तर ऊन लख्ख पडलं होतं. दोघांनाही कुठं जायचं ते सुचेना. मग तो म्हणाला की भूक लागलीय, आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजलेलं चिकन घेऊन, कागद उलगडून, पायऱ्यांवर बसूनच खाल्लं.