वर्षश्राद्धाचं भाषण

राहुरीकडच्या गावांत वर्षश्राद्ध असलं की कीर्तन संपायचा अवकाश, पुढारी माईक धरलाच म्हणून समजा! मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत मेले. बजरंगकाकांच्या वर्षश्राद्धाला उत्तमराव असेच गाडीतून उतरले ते थेट माईकपाशी. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर, आणि बजरंगकाकांना टेम्पोनं उडवणाऱ्या ड्रायव्हरला कोर्टानं नुकतेच फक्त सहा महिने दिलेले. अपिलासाठी तो जामिनावर सुटलेला. आयताच विषय मिळाला.

"शिक्षेचे नवे नियम आणून हे सरकार गुन्हेगारांचे लाड करतंय! माणसाच्या जिवाला सहा महिने? निकाल मॅनेज झालाय, मंडळी!"

पोरं तापली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, त्यो ड्रायव्हर हितंच हाय की!" पंगतीत बुंदी वाढणाऱ्या गोरक्षची पोरांनी गचांडी धरली. उत्तमराव चपापले. ज्याच्यावर आठवडाभर तोंडसुख घेतलं, त्याचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"सोडा त्याला! म्या बोलावलंय." बजरंगकाकांची बायको, कलाकाकू, बायकांतून पुढं आली. "ह्यो पळाला न्हाई. ह्यांना आपल्याच टेम्पोत घालून नगरला दवाखान्यात नेलं, शेवटपर्यंत पायाशी बसला. जज्जसायबांना हे म्याच सांगितलं. उत्तम, तू एका तरी तारखेला आलतास का रं?"

कसले येतायत! तरी "चुकलं काकू" एवढं म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण समोर पोरांचे मोबाईल शूटिंग करत होते, आणि तिकीट अजून पक्कं नव्हतं.

"काकूंवर दबाव आहे, मंडळी," उत्तमराव म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांची त्यांनाच किळस आली. आई शेतावर गेली की ह्याच काकूनं त्यांना भरवलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"म्हातारीबी मॅनेज झाली रे!" पोरांतून आवाज आला, आणि हशा पिकला. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला, तिच्याच दारात!

काकूनं त्या पोरांकडं पाहिलंही नाही. ती उत्तमरावांकडं पाहत राहिली.

"आता तूच सांग की त्यांना, उत्तम. तुझं ऐकत्यात ती."

माईक चालू होता. उत्तमरावांनी तो बंद केला.