दादाचा पेपर, माझा पेपर

दादा हाडांचा डॉक्टर. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे त्याच्या भाषेत 'हातपाय हलवणारी'. आईच्या गुडघ्यावरून आमचं वाजलं होतं. तो म्हणायचा सांधा बदलू, मी म्हणायचे व्यायामानं भागेल. आईनं माझं ऐकलं, तसा त्यानं एक रिसर्च पेपर माझ्या अंगावर भिरकावला. "वाच. समजला तर."

समजला तर म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्पिटलात असे पेपर पारखायला शिकवणारा वर्ग चालायचा, तिथे नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई महा खडूस. असेनात का, मला दादाला झोडायला हत्यार हवं होतं.

माझी पाळी आली तेव्हा दादाचा पेपर मी पार सोलून काढला. खर्च कुणी केला, पेशंट मूठभरच का, एकेक खोट दाखवली. वर्ग हसला. मी फुशारले.

"झालं?" बाई म्हणाल्या. "आता ज्या पेपराच्या जिवावर तू भांडतेस तो काढ. हेच प्रश्न, मोठ्यानं."

काढला. तिसऱ्याच प्रश्नाला मी पान मागे उलटून पुन्हा वाचलं. दुखणं सोसेना म्हणून व्यायाम अर्धवट सोडून गेलेली माणसं त्यांनी मोजलीच नव्हती. उरले ते सुधारले. सुधारणारच की. आणि आईइतके झिजलेले गुडघे तर घेतलेच नव्हते. दादाच्या पेपरात हजार खोटी असतील, पण त्यात आईसारखेच गुडघे होते आणि मधेच सोडून गेलेलेही धरले होते. त्याच्या पेपराला मी भिंग लावलं आणि माझ्याला डोळे मिटून नमस्कार केला. मूर्ख कुठली.

नाक मुठीत धरून दादाला फोन केला. "तुझा पेपर बरा आहे. सोडून गेलेलेही मोजलेत त्यांनी."

"हो का? मी वरचा सारांशच वाचला होता," तो म्हणाला. "मंगळवारी आण तिला."

त्याच्या एक कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मंगळवार कबूल केला.

घरी आले तर आई पलंगावर बसून पाय उचलत होती, दात आवळून. मी म्हटलं, "राहू दे आता. ऑपरेशन करू."

तिनं पाय हळूच खाली टेकवला.

"फार दुखायचं गं," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यातच सोडणार होते. पण तुला दादापुढे हरायला लागलं असतं."