भावजींचा आखूड पट्टा

सासूबाई धाकट्या, डॉक्टर मुलाकडे राहत. त्यांची आठवण हळूहळू पुसट होत चालली होती, आणि त्यावरची एक गोळी द्यायची की नाही, हे थोरल्या सुनेच्या हिशेबावर ठरणार होतं. गोळीने उलट्या होत, माणूस खंगे. फायदा पक्का असेल तरच द्यायची, असं घरात ठरलेलं. सून संख्याशास्त्रज्ञ. रुग्णांवर झालेल्या त्या गोळीच्या सात चाचण्यांचे निकाल एकत्र करून तिने या दिराला फोनवर सांगूनही टाकलं, "भावजी, फायदा दिसतोय."

चित्र नीट पाहिलं ते नंतर. प्रत्येक चाचणीचा एक आडवा पट्टा: खरा फायदा कुठून कुठवर असू शकेल तो. सहा पट्टे शून्याच्या, म्हणजे काहीच फायदा नसण्याच्या, अल्याडपल्याड ऐसपैस पसरलेले. सातवा नखाएवढा, अख्खा फायद्याच्या बाजूला. ही चाचणी दिराची, रुग्णही सगळ्यांत कमी. पट्टा जितका आखूड तितकं वजन जास्त, त्यामुळे सगळा निकाल तो एकटाच ओढून नेत होता. मूठभर रुग्ण आणि एवढी खात्री? तिच्या मनात पाल चुकचुकली. भावजी बोलायला गोड, त्यात बढतीच्या तोंडावर. गोड बोलणाऱ्यांवर तिचा मुळातच भरवसा नव्हता.

"भावजी, मूळ आकडे पाठवाल?"

"का वहिनी, काही चुकलंय?"

"सहजच."

सहज कोण मागतं असलं काही? आकडे लगेच आले, तर तिला त्याचाही संशय. एकेक रुग्ण तिने चाळून काढला. सगळं स्वच्छ. मग त्या चाचणीवरचा भावजींचा लेख पुन्हा उघडला. तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कंसातला आकडा स्टँडर्ड एररचा, म्हणजे सरासरी किती हुकू शकते त्याचा. तिने तो रुग्णारुग्णांमधला फरक समजून रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने आणखी एकदा भागला होता, म्हणून पट्टा एवढा आखूड. काखेत कळसा नि गावाला वळसा.

चूक सुधारली तसा भावजींचा पट्टाही इतरांसारखा लांबला, आणि एकत्र निकाल शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरला. तिला स्वतःची लाज वाटली. तिने फोन लावला.

"चूक माझी होती, भावजी. आणि संशय मी तुमच्यावर घेतला."

"असू दे. आता काय निघतंय?"

"फायदा असेलही, नसेलही. या आकड्यांवरून सांगता येत नाही."



"माझ्या एकट्याच्या चाचणीवर मी आईला गोळी दिली नसती, वहिनी," तो म्हणाला. "तुमचा फोन आला, त्याच दिवशी सुरू केली. तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाहीये. रोज नको म्हणते. मी म्हणतो, आई, घे, वहिनीने हिशेब केलाय."