मे नंतर

कोरिनने गोठलेल्या तळ्यावर हातोडा हाणला. शंभर पावलांवर ठेवलेल्या मायक्रोफोनने पकडलेला आवाज लॅपटॉपमधून आला: प्यूऊऊ. आधी बारीक, मग जाड. वर्गातल्या नऊही जणांनी डोकी वह्यांत खुपसली.

तिचे वडील, मिस्टर पेल्टियर, बर्फाला भोक पाडायचं गिरमीट खांद्यावर टाकून उभे होते. शाळेने यंदा एपीचे वर्ग बंद केले होते. कॉलेजच्या तोडीचे, ज्यांची मे महिन्यात देशभर परीक्षा होते ते. तेव्हापासून त्यांचं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या शाळेचा अर्ज भरून त्यांच्या कोटाच्या खिशात तयार होता. कोरिनला मात्र इथेच राहायचं होतं.

"अख्खं वर्ष एका तळ्यावर? कॉलेजवाले हसतील," ते म्हणाले.

"हसू देत," वर्गाच्या बाई मिस क्रॅन्शॉ म्हणाल्या.

एवढं म्हणणं त्यांनाही सोपं नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांनी एपीचं फिजिक्स शिकवलं. मुलं पाचपैकी पाच आणायची. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन असायचा, ‘मे नंतर’. परीक्षेत न येणारे प्रश्न त्यात जायचे. मे संपला की मुलं सुट्टीवर पळायची आणि चौकोन पुसला जायचा. बर्फ का गातो, हे कुणी ना कुणी दरवर्षी विचारायचंच. तो प्रश्न पुसताना त्यांना दरवर्षी लाज वाटायची. यंदा त्यांनी अख्खा फळा त्यालाच देऊन टाकला.

"बर्फ नऊ इंच जाड," कोरिनने जाहीर केलं. "नुसत्या आवाजावरून."

"बारा," मिस्टर पेल्टियर म्हणाले. "तीस वर्षं बर्फात भोकं पाडून मासे धरतोय. मला शिकवू नकोस."

"मग पाड ना भोक, डॅड. नऊ निघाले तर मी इथेच राहणार."

"आणि बारा निघाले तर सोमवारपासून नवी शाळा."

तिने ओठ घट्ट मिटून मान डोलावली.

गिरमीट करकरलं. भोकातून पाणी वर आलं. त्यांनी पट्टी आत घातली, वाकून पाहिली, पुसली, पुन्हा घातली.

"नऊ," ते म्हणाले. मग तोंडातल्या तोंडात, "आणि वर सूतभर."

पोरांनी अशी आरोळी ठोकली की काठावरचे कावळे उडाले. मिस क्रॅन्शॉंना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही त्यांनी लपवलं नाही.

मिस्टर पेल्टियर अजून गुडघ्यांवरच होते.

"पण आवाज आधी बारीक आणि मग जाड, असं का?"

कोरिनने बाईंकडे बघून डोळा मारला. "मे नंतर सांगते."

"चावटपणा पुरे. आत्ता सांग."

"आकृती काढावी लागेल. कागद आहे?"

त्यांनी खिशातला अर्ज काढला, कोरी बाजू वर करून बर्फावर पसरला आणि उडू नये म्हणून त्यावर आपला हातमोजा ठेवला.